राणीच्या बागेचा प्रयोग

नाटकांची परीक्षणं लिहिणाऱ्या माणसाला सहलीला नेऊ नये, असा आमच्या घरात एक अलिखित नियम आहे. लिहून ठेवलाही असता, पण मी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसेन या भीतीनं कोणी लिहिला नाही.

चाळीसेक वर्षं मी एका साप्ताहिकात नाट्यपरीक्षणं लिहिली. पुढं ते साप्ताहिक बंद पडलं. माझ्या लिखाणाचा आणि त्या बंद पडण्याचा काही संबंध नाही, असं संपादक मला, मी विचारलेलं नसताना, तीन वेळा म्हणाले. साप्ताहिक गेलं, फुकट पास गेले, चौथ्या रांगेतली कडेची खुर्ची गेली. सवय तेवढी राहिली. लग्नाला गेलो तर मंगलाष्टकं मला दुसऱ्या अंकासारखी रेंगाळलेली वाटतात. बारशाला गेलो तर मुख्य पात्र झोपलेलं असतं आणि दुय्यम पात्रंच फार बोलतात. माहीमच्या समुद्रावर सूर्यास्त पाहताना मी एकदा "शेवट अपेक्षितच होता" असं म्हणून गेलो. तेव्हापासून आमची ही सूर्यास्ताला एकटी जाते.

म्हणून गेल्या डिसेंबरात तिनं आपण होऊन "राणीच्या बागेत जाऊ या" असं म्हटलं, तेव्हा मी पेपर बाजूला ठेवला.

त्याला कारण होतं. गणपतीच्या आधी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला. ती आमच्या सोसायटीच्या बागेत चालू लागली. या बागेत चार तगरी, एक घसरगुंडी आणि अकरा सूचना आहेत. त्यातली 'फुले तोडू नयेत' ही पाटी कुठल्याही फुलापेक्षा जुनी आहे. तीन महिने ती त्या चार तगरींना प्रदक्षिणा घालत राहिली आणि एके सकाळी चहा पिताना म्हणाली,

"मी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. दर वर्षी साठ-साठ पोरं घेऊन राणीच्या बागेत गेले. एकतीस वर्षांत मी तिथं काय बघितलं, सांगू? डोकी. गेटाशी साठ, पिंजऱ्याशी साठ, नळाशी अठ्ठावन्न, मग जीव वरखाली, मग साठ. पोरांना म्हणायचे, 'हा बघा कैलासपती', आणि मी स्वतः त्याच्याकडे पाठ करून उभी. मला एकदा ती झाडं बघायचीत. सावकाश. माझ्या पायांनी."

यावर विनोद करता येत नाही. मी करून पाहिला.

"पण एक अट आहे," ती म्हणाली. "दिवसभर नावं ठेवायची नाहीत."

मी कबूल झालो. नातीला नाताळची सुट्टी होती, तिनं आपली वेगळी अट घातली: पेंग्विन आधी, झाडं नंतर. अशा रीतीनं तीन माणसं, दोन अटी आणि एक खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन आम्ही भायखळ्याला उतरलो. तो बुधवार होता. राणीची बाग बुधवारी बंद असते. हे मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, फक्त मला नव्हतं. दोष सर्वस्वी माझा. आमची ही काहीच बोलली नाही. नावं न ठेवण्याची अट एकतर्फी असूनही तिनं ती पाळली, याचं मला फार लागलं. वड्या आम्ही स्टेशनवरच खाल्ल्या.

शुक्रवारी पुन्हा गेलो.

आता आधी नावाचं बघू. परीक्षणात प्रथम नाटकाचं नाव आणि नाटककाराचं नाव द्यायची पद्धत आहे. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांची पत्नी लेडी फ्रिअर हिच्या हस्ते ही बाग उघडली, तेव्हा तिचं नाव होतं व्हिक्टोरिया गार्डन्स. आपल्या लोकांना एवढं लांबलचक नाव घेऊन भाजी आणायला जाता येईना. त्यांनी त्याचं 'राणीचा बाग' करून टाकलं. हो, राणीचा. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, शेवटपर्यंत 'राणीचा बाग' असंच म्हणत. जुन्या मराठीत बाग पुल्लिंगी होता. पुढं केव्हातरी त्याची 'ती बाग' झाली. स्वातंत्र्य आलं, व्हिक्टोरिया गेली आणि त्या जागी वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आलं. सरकारी पाटी बदलली, पण लोकांना काहीच बदलावं लागलं नाही. आधीही राणीचीच बाग होती, नंतरही राणीचीच बाग राहिली. एवढं सोयीचं नामांतर मी दुसरं पाहिलेलं नाही.

अण्णा गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. वर्षातून एकदा, मे महिन्यात, ते आम्हां तीन भावंडांना ट्रामनं इथं आणत. (मुंबईची शेवटची ट्राम १९६४ साली धावली. वय कळू नये म्हणून मी एरवी ट्रामचा उल्लेख टाळतो.) तेव्हा इथं हत्तीवर बसून चक्कर मारता येत असे. आम्ही हट्ट धरला की अण्णा गंभीरपणे म्हणत, "नको. हत्तीला त्रास होतो." हत्तीच्या चकरेला पैसे पडत, हे आम्हांला मोठेपणी कळलं. पुढं कित्येक वर्षांनी प्राण्यांवर प्रेम करणारी शहाणी माणसं अगदी तेच सांगू लागली, तेव्हा आमचे अण्णा काळाच्या किती पुढं होते ते आमच्या ध्यानात आलं.

अण्णा स्वतः प्राणी बघत नसत. एका मोठ्या झाडाखाली बाक गाठून ते तोंडावर वर्तमानपत्र घेत आणि आम्हांला सांगत, "जा, बघून या. हरवलात तर या झाडाशी या." कुठल्या झाडाशी, ते कधीच सांगत नसत. झाडाला 'झाड' यापलीकडे नाव असतं, ही कल्पना आमच्या घराण्यात लग्नानंतर, म्हणजे आमच्या हिच्याबरोबर आली.

तर, आत शिरलो. तिकीट काढून आत शिरण्याची मला सवय नाही. मी क्षणभर, पास कुणाच्या नावानं ठेवलाय, असं विचारणार होतो. मोठ्या माणसाला पाच रुपयांचं असलेलं हे तिकीट २०१७ साली एकदम पन्नासांवर गेलं. त्या वेळी वर्तमानपत्रांत पुष्कळ आरडाओरडा झाला. आपल्याकडे नाटकाला, सिनेमाला आणि भज्यांना भाव वाढलेला चालतो. सावलीला पैसे पडावेत हे कुणाला सहन होत नाही, आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

पहिल्याच प्रवेशात दोन जुने नट भेटतात. पहिला हत्ती. हा दगडी आहे. घारापुरीच्या बेटावर तो शेकडो वर्षं उभा होता. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली साहेबाच्या मनात आलं की याला विलायतेला न्यावं. उचलायला गेले तर यारीच तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथं येऊन पडले आणि १९१४ साली पुन्हा जोडून हत्ती उभा केला. बारकाईनं पाहिलं तर सांधे दिसतात. आमची ही त्या सांध्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"पन्नास वर्षं लागली जोडायला," ती म्हणाली. "माझा गुडघा तीन तासांत झाला."

दुसरा नट घोडा. म्हणजे तोच तो काळा घोडा, आणि त्याच्यावर सातवा एडवर्ड, युवराज असतानाचा. १८७९ साली तो फोर्टात उभा केला आणि १९६५ साली उचलून इथं आणला. गंमत अशी की घोडा इथं आला तरी त्याचं नाव मागंच राहिलं. फोर्टातल्या त्या चौकाला लोक काळा घोडाच म्हणत राहिले. अखेर २०१७ साली तिथं दुसरा काळा घोडा बसवला. त्याच्यावर स्वार नाही. भूमिका तीच, संच नवा आणि मुख्य नट गाळलेला. रंगभूमीवर हे आपण नेहमी पाहतो. शिल्पकलेत मी प्रथमच पाहिलं.

"हे नावं ठेवणं झालं का?" मी विचारलं.

"ही माहिती झाली," तिनं निवाडा दिला. "चला पुढं."

नात केव्हाच पुढं गेली होती. तेव्हा पेंग्विन.

इथं मला माझा मूळ आक्षेप सांगितलाच पाहिजे, कारण तो मी घरूनच तयार करून आणला होता. कुठलंही अभिजात नाटक घ्या. मूळ संहिता एक असते. पुढं नाटक मंडळीला गल्ला कमी पडू लागला की मालक म्हणतो, यात एक नाच घाला. मग एक विनोदी नोकर घाला. शंभर वर्षांनी पाहावं तो प्रेक्षक नाचासाठी येतो आणि नायक कोण ते विसरून जातो. या बागेचं तसंच झालं, असा माझा सिद्धांत होता. हिची मूळ संहिता झाडांची. पश्चिम भारतातल्या एका कृषी आणि बागकाम मंडळीची वनस्पतींची बाग आधी शिवडीला होती. ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी लागली, म्हणून झाडांनी आपलं बिऱ्हाड १८६१ साली भायखळ्याला हलवलं. १८७३ साली ती मंडळी बुडाली आणि बाग नगरपालिकेकडे आली. प्राणी आले ते १८९० साली, पंधरा एकर जागा वाढवून. म्हणजे वाघ-सिंह हे पुढं घुसडलेले प्रवेश. आणि पेंग्विन म्हणजे तर शुद्ध आयटम. जुलै २०१६ मध्ये आठ पेंग्विन विमानानं दक्षिण कोरियातल्या सेऊलहून आले. त्यातली एक मादी तीन महिन्यांत वारली, तेव्हा केवढा गहजब झाला तो आठवत असेल. मार्च २०१७ पासून प्रेक्षकांना प्रवेश सुरू झाला आणि तेव्हापासून या बागेत माणसं झाडांखालून चालतात ती थेट पेंग्विनांकडे जाण्यासाठी.

हा सिद्धांत मी रांगेत उभ्या उभ्या हलक्या आवाजात मांडत होतो. हलक्या आवाजात मांडला तर अट मोडत नाही, अशी माझी समजूत होती.

आत गेल्यावर मात्र मी गप्प झालो. एक तर गारवा होता. सोळा-सतरा अंशांच्या काचेपलीकडच्या हवेचा वारा आपल्याला लागत नाही, पण नुसत्या दर्शनानं घाम सुकतो. आणि दुसरं, पेंग्विन पोहत होते. जमिनीवर हा पक्षी म्हणजे भाड्याच्या कोटात अवघडलेला नवरदेव. दोन पावलं टाकतो, थांबतो, कुणीतरी पुढं ढकलेल म्हणून वाट पाहतो. तोच पाण्यात शिरला की कोट, अवघडलेपण सगळं काठावर राहतं. काचेजवळून तो असा सूं करून गेला की माझ्या शेजारचे एक लठ्ठ गृहस्थ चक्क मागं सरले आणि त्यांच्या बायकोच्या पायावर उभे राहिले. एन्ट्री म्हणतात ती अशी. चाळीस वर्षांत मी रंगमंचावर अशा चार पाहिल्या असतील.

"आजोबा, यांना इथं उकडत नाही?" नातीनं विचारलं.

"काचेच्या आत गार असतं. पण हे बर्फातले नव्हेतच," तिची आजी म्हणाली. एकतीस वर्षांचा आवाज लागला होता. आसपासची चार अनोळखी पोरं आपोआप गोळा झाली. "हे हम्बोल्ट पेंग्विन. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहतात. तिथल्या समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह आहे, त्याचं नाव हम्बोल्ट. बर्फातले पेंग्विन वेगळे."

अनोळखी पोरांपैकी एकानं "मिस, अंडी घालतात का?" असं विचारलं. 'मिस' हा शब्द ऐकून ती जी खुलली, ती पुढं पाच मिनिटं थांबेना. १५ ऑगस्ट २०१८ ला इथं भारतातलं पहिलं पेंग्विनाचं पिल्लू जन्मलं, ते आठवडाभरच जगलं, पण त्यानंतर पुष्कळ जन्मली आणि मोठीही झाली, असं सगळं तिनं सांगितलं. मागून रखवालदार "पुढं चला, पुढं चला" म्हणत होता, तो शेवटी स्वतःच ऐकत उभा राहिला.

तिथून वाघ. वाघाचं परीक्षण थोडक्यात: पाठमोरा अभिनय. मग पाणघोडा. पाणघोड्याच्या डबक्यावर दोन नाकपुड्या दिसतात, त्याही मन लावून पाहिल्या तर. माणसं येतात, दोन मिनिटं थांबतात, "नाहीये आत" असं ठरवून निघून जातात. दोन टन वजनाचा प्राणी आत असून नाहीसा होतो, याला मी तरी अभिनयच म्हणेन. कठड्याशी एक चौकडीच्या शर्टातला बारका मुलगा, तोंडात पाण्याच्या बाटलीचं टोपण धरून, डोळे न मिटता त्या नाकपुड्यांकडे बघत उभा होता. मला त्याचं कौतुक वाटलं. असा प्रेक्षक नाटकाला मिळत नाही.

प्रेक्षकांबद्दल एवढंच बोलतो. माकडासमोर उभा राहून माकडासारखं करून दाखवणारा एक गृहस्थ प्रत्येक पिंजऱ्यापाशी असतो. माकड त्याच्याकडे ज्या नजरेनं बघतं ती नजर मी ओळखतो. नवशिक्या नटांच्या एकांकिका मी तशाच बघत असे.

आणि मग झाडं.

पेंग्विनांपासून झाडांपर्यंत यायला आम्हांला पाऊण तास लागला, कारण मध्ये पाच बाक होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाबरोबर चालताना बाग वेगळी दिसते. अंतर पावलांत मोजायचं नसतं, बाकांत मोजायचं असतं. पहिल्या बाकापर्यंत मी तीनदा पुढं गेलो आणि तीनदा परत आलो. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी हिच्यापुढं दहा पावलं चालत आलो आहे, हे मला त्या बाकापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी दहा पावलं पुढं होतो.

तिसऱ्या बाकासमोर कैलासपती होता. तुम्ही पाहिला असेल. फांद्या सोडून भलतीकडेच, थेट खोडातून फुलं येतात. आत एक छोटी पिंड, वर नागाची फणा. खाली तोफेच्या गोळ्यांएवढी फळं लोंबत असतात. आमची ही बाकावर बसून त्याच्याकडे बघत होती. ती काही बोलेना तेव्हा मी म्हणालो, "हे बघ. हे खरं इथलं. शंकराची पिंड, नागाची फणा. याला म्हणतात मूळ संहिता. नाहीतर ते कोरियाचे पाहुणे."

ती हसली. तिच्या हसण्याचा मला चांगला अनुभव आहे. परीक्षेत ज्याला उत्तर येत नाही त्याच्याकडे बघून ती असंच हसत असे.

"हा दक्षिण अमेरिकेतला," ती म्हणाली.

"कोण?"

"तुमचा कैलासपती. तुमच्या पेंग्विनांच्या खंडातला. आणि तो तिथं डोक्यावर आहे ना, सगळ्या रस्त्यावर छत्री धरून, तो वर्षावृक्ष. तोही तिकडचाच. ती जाडी गोरखचिंच आफ्रिकेतली. गुलमोहर मादागास्करचा. उर्वशी ब्रह्मदेशातून आली. तुमची मूळ संहिता सगळी परभाषेतली आहे."

मी गोरखचिंचेकडे पाहिलं. पानं गळून गेली होती आणि ती एखाद्या सुखवस्तू सावकारासारखी पोट पुढं काढून उभी होती. गोरखनाथानं हिच्याखाली बसून शिष्यांना शिकवलं, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. गोरखनाथ आफ्रिकेला गेल्याचं ऐकलं नव्हतं.

"आणि त्या काळी," ती पुढं म्हणाली, "कैलासपतीचं रोप कुणी इथं लावलं असेल तेव्हा तुमच्यासारखा एक गृहस्थ बाजूला उभा राहून म्हणाला असेल, हे काय परदेशी घुसडलंय, आपला आंबा काय वाईट होता."

एकही परीक्षक असा मार खाऊन स्वस्थ बसत नाही. मी म्हणालो, "पण झाडांना यंत्रानं हवा गार करून लागत नाही. वीज गेली तर कैलासपती मरत नाही. काच फोडून बाहेर काढला तर तो मुंबईत राहू शकतो. पेंग्विन राहू शकतो का? रुजणं आणि ठेवून घेणं यात काही फरक आहे की नाही?"

ती विचारात पडली. या मुद्द्यावर मी आजही ठाम आहे आणि तिनंही तो अर्धा मान्य केला, हे मी इथं मुद्दाम नमूद करतो, कारण घरात याची लेखी नोंद नाही. पण मग ती म्हणाली, "खरंय. मात्र ते पोर म्हणालं ना, 'मिस, अंडी घालतात का', ते झाडाजवळ कुणी विचारत नाही हो. एकतीस वर्षांत एकानं विचारलं नाही. मीच पाठ करून उभी असायची, तर कोण विचारणार?"

या बागेत तीन हजारांवर झाडं आहेत आणि पावणेतीनशेहून जास्त जातींची आहेत. एवढी जुनी आणि एवढ्या जातींची वनराई मुंबईत, भर वस्तीत, एका बाजूला गिरण्यांची जागा आणि दुसऱ्या बाजूला रेल्वे असताना टिकली कशी, हे कोडंच आहे. २००७ च्या सुमाराला सगळ्या बागेचा कायापालट करून टाकणारा मोठा आराखडा निघाला होता. तेव्हा मुंबईतल्या काही बायका हटून बसल्या. त्यांनी झाडांची बाजू घेतली, लोकांना बोलावून झाडं दाखवली, कागदपत्रं केली, पुस्तक काढलं, आणि मूळ आराखडा होता तसा होऊ शकला नाही. त्या वेळी मी काय करत होतो ते मला पक्कं आठवतं. एका नाटकाच्या नेपथ्यातलं कागदी झाड खोटं दिसतं, यावर मी दीड रकाना लिहिला होता.

चौथ्या बाकाकडे जाताना एका शाळेची सहल आली. पिवळ्या टोप्या, दोन-दोनाच्या जोड्या, हातात हात. पुढं एक बाई, मागं एक बाई, दोघीही वयानं लहान आणि घशानं बसलेल्या. आम्ही त्यांना वाट देण्यासाठी कडेला झालो. मी उर्वशीचं झाड कुठं आहे ते एका माळ्याला विचारत होतो. मागं वळून पाहिलं तर आमची ही ओठ हलवत होती.

"काय गं?"

"एक कमी आहे."

"तुला कसं ठाऊक किती आहेत ते?"

"जोड्या आहेत. शेवटचा बघा."

शेवटचा मुलगा एकटा होता. एकटाच चालत होता, पण त्याचा डावा हात अजून बाजूला थोडा पुढं धरलेला होता. कुणीतरी धरल्यासारखा.

ही पुढं गेली. मी सांगतो, तीन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्यापुढं दहा पावलं होती. मागच्या बाईंना तिनं गाठलं. त्या बाईंचा चेहरा असा उतरला की मलाच ओरडावंसं वाटलं. मोजणी झाली. पुन्हा झाली. एकानं कमीच. "चौकडीचा शर्ट," एक मुलगी म्हणाली, "त्याची टोपी वाऱ्यानं गेली, बाई."

चौकडीचा शर्ट! आयुष्यात एकदा माझी निरीक्षणशक्ती कुणाच्या तरी उपयोगी पडली. तो पाणघोड्याच्या कठड्याशीच होता. बाटलीचं टोपण अजून तोंडात होतं. बाई त्याला रागावणार, इतक्यात तो न वळताच "शू!" म्हणाला, आणि त्याच वेळी पाणी फुटलं आणि तो अजस्र प्राणी आ वासून वर आला. त्याचा तो गुलाबी जबडा, ते खुंट्यांसारखे दात, आणि पाण्याचा तो आवाज! दोन्ही बाई, मी, नात, सगळे "अगंबाई" म्हणून मागं झालो. (मीही 'अगंबाई'च म्हणालो. नात अजून चिडवते.) मुलगा तेवढा जागचा हलला नाही. "बघा," तो म्हणाला, "मी सांगत होतो, आत आहे."

त्याला कुणी रागावलं नाही. त्याला जोडीत नेऊन उभा केला. एकटा राहिलेल्या मुलानं आपला डावा हात तसाच धरला होता, त्यात त्याचा हात गेला आणि रांग चालू लागली.

आमची ही चौथ्या बाकावर येऊन बसली. गुडघा चोळत म्हणाली, "बघा, झाडं बघायला आले आणि पुन्हा डोकीच मोजली."

मला काय बोलावं सुचेना. अशा प्रसंगी परीक्षक म्हणून पन्नास वाक्यं तयार असतात. मी वड्यांचा डबा उघडला. या वेळी त्या जरा खवट लागत होत्या, कारण त्या बुधवारच्याच उरलेल्या होत्या. हे मी बोललो नाही.

उर्वशी पाचव्या बाकापाशी सापडली. सांगितलं नसतं तर मी तिला ओलांडून गेलो असतो. फुलली नव्हती. नवी पालवी तेवढी आली होती, तांबूस, ओल्या फडक्यांसारखी फांद्यांवरून लोंबत होती. पाणी न मिळालेल्या झाडासारखी ती मलूल दिसत होती.

"हिला काय झालंय?" नातीनं विचारलं.

"काही झालेलं नाही. हिची पानं जन्मतः अशीच लोंबतात. मग हिरवी होतात आणि हळूहळू ताठ होतात. हिला बहर येतो तेव्हा फुलांचे लांब झुबके सोडलेले असतात, लाल आणि पिवळे. अजून दीड-दोन महिने आहेत."

ती उभीच होती. बाक जवळ असून बसली नाही. एक पान तिनं तळव्यावर घेतलं आणि चष्मा वर करून बघत राहिली. मी घड्याळ पाहिलं नाही, पण नातीनं या वेळात जवळच्या नळावर दोनदा पाणी पिऊन घेतलं. समोरच्या दुसऱ्या एका बाकावर एक गृहस्थ तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपले होते. त्यांच्या डोक्यावर कुठलं झाड होतं ते मी हिला विचारून घेतलं. वर्षावृक्ष होता.

फाटकाकडे निघालो तेव्हा ऊन उतरत होतं. नातीचं म्हणणं पेंग्विन पुन्हा एकदा बघावेत. मी हिचा हात धरून तिच्या चालीनं चाललो होतो आणि या मार्गावर बाक आणखी दोन तरी हवे होते असं म्हणणार होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "अहो, आज तुम्ही मोजून किती नावं ठेवलीत, सांगू?"

"किती?"

"जाऊ दे. फुलायला आली की उर्वशीला पुन्हा यायचं. फेब्रुवारीत."

"येऊ," मी म्हणालो.

"बुधवार सोडून," नात म्हणाली.